ये, इथं बस

“...कुणी हात लावलेला नसतो, तरी स्क्रीन आपोआप सरकते. म्हणजे बघ, थोरले बुवाच अजून मठात...”

पुढचं गिरणीच्या आवाजात बुडालं.

सांगत होती गिरणीवाली लता. मी पिठाचा डबा काखेत धरून दोनदा विचारलं, पण तिचं सगळं लक्ष पडणाऱ्या पिठाकडे. अर्धी गोष्ट पोटात घेऊन घरी जाणं मला कधी जमलेलं नाही. मठ आमच्या दारासमोरच. डबा ओट्यावर टेकवला आणि तशीच मठात शिरले.

मठ माई सांभाळतात. थोरले बुवा गेले तेव्हा त्यांच्या आसनावर माईंनी बसावं, असं सगळ्या गावाला वाटत होतं. त्या बसल्या नाहीत. आसन भिंतीशी तसंच आहे, रोज झटकलेलं, रिकामं. माई शेजारी चटईवर बसतात. आता त्यांना नीट दिसतही नाही.

मकरंद त्यांचा शिष्य. शहरातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला. पोरगा चांगला, फक्त आपण काय काय सोडून आलो हे दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. बुवांची प्रवचनं जुन्या कॅसेटांवर होती, ती कानाला लावून तो लॅपटॉपवर उतरवत होता. माईंनी त्याला बुवांची माळ दिली होती, तांब्याच्या तारेत ओवलेली रुद्राक्षांची. ती त्यानं मनगटाला गुंडाळली ती गुंडाळलीच. नमस्कार करायला लागला की आधी माळ दिसायची, मग हात.

मी गेले तेव्हा त्याचं विचारणं चाललं होतं.

“मग गुरुवारी बुवांचं प्रवचन मी आसनावर बसून वाचू ना, माई?”

माई वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या.

मी बसले. बस असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

मकरंदनं मग सगळं मला सांगितलं, माईंच्या कानावर जावं म्हणून जरा मोठ्यानं. टाईप करता करता पान आपोआप वर पळतं, थेट पहिल्या ओळीवर. पहिल्या ओळीत बुवांचे शब्द. प्रवचनाच्या आधी दारात घुटमळणाऱ्या माणसाला ते जे म्हणायचे तेच. ये, इथं बस. मकरंदनं माऊस काढून बघितला होता. लॅपटॉपमधलं सगळं पुसून नव्यानं भरलं होतं. शेवटी तालुक्याच्या दुकानात नेऊन दिला. दुकानदारानं दिवसभर चालवला, पान एकदाही सरकलं नाही. मठात आणला, की लागलीच पहिल्या ओळीवर उडी.

“यंत्रात दोष नाही, काकू. माझा जन्म त्यातच गेलाय.”

“मग कशात आहे?”

तो आसनाकडे बघत राहिला...

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

“माई,” तो म्हणाला, “बुवांनी याहून स्पष्ट काय सांगायचं?”

“मला दाखव.”

“पण तुम्हाला दिसणार...”

“दाखव.”

त्यानं लॅपटॉप चौरंगावर ठेवला आणि टाईप करू लागला. मी मान लांब करून बघत होते. एक ओळ झाली, दुसरी अर्धी... आणि पान सरसर वर गेलं. ये, इथं बस.

“सरकलं?”

“सरकलं हो,” मी म्हणाले. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

माईंनी आणखी एक शेंग सोलली.

“आता शालन लिहील.”

शालन म्हणजे मी. सातवीपर्यंत शिकलेली, आणि असलं यंत्र आजवर फक्त फडक्यानं पुसलेलं. पण माईंना नाही म्हणवेना. चौरंगासमोर बसले, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मकरंद दाखवेल तसं एका बोटानं माझं नाव लिहिलं. मग यांचं. मग सासूबाईंचं. पान जागचं हललं नाही.

मकरंदचा चेहरा उजळला.

“बघितलंत, माई? दुसऱ्या कुणासाठी नाही. फक्त माझ्यासाठी.”

मला थोडं लागलं. बुवांना मी इतकी वर्षं ताक नेऊन दिलं, आणि माझ्यासाठी त्यांनी एक ओळसुद्धा हलवू नये...

माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या,

“मघाशी कसला आवाज झाला?”

“कधी?”

“लिहायच्या आधी.”

“बांगड्या वर सारल्या. कणीक मळायला बसताना सारते ना, तीच सवय.”

माईंनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि मकरंदपुढे उघडा तळहात धरला.

त्याला कळेना. त्यानं लॅपटॉप पुढे केला. माईंनी मान हलवली. हात तसाच.

मग त्यानं आपल्या मनगटाकडे बघितलं.

“माळ? ही मी काढत नाही, माई. आंघोळीलासुद्धा नाही.”

“काढू नको, असं मी म्हटलं होतं?”

“नाही. पण ही बुवांची...”

“म्हणून तर मागते.”

वेढे सुटायला वेळ लागला. मनगटावर तांब्याचे हिरवट वळ उठले होते. माळ माईंच्या हातात ठेवली तरी त्याची बोटं तिच्यावरून लवकर निघेनात.

“लिही आता.”

तो लिहू लागला. एक ओळ झाली. दोन झाल्या. खाली खाली भरत गेलं. पान हललं नाही. तो आणखी जोरात लिहू लागला, जणू ते हलावं म्हणूनच. नाही हललं.

मग थांबला. माईंकडून माळ मागून घेतली आणि दोन बोटांत धरून खाली सोडली. त्या लॅपटॉपवर अक्षरांच्या खाली एक गुळगुळीत चौकोन असतो, त्याच्यावर दोन बोटं फिरवली की पान हलतं. तिथं त्यानं माळेच्या तारेचे दोन पदर टेकवले आणि हळूच ओढले.

पान सरसर वर गेलं.

मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं.

“म्हणजे बुवा नव्हतेच...” तो म्हणाला. “आणि मी गावभर सांगून बसलो.”

माईंनी ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

“गुरुवारी मी काय सांगू?”

“जे झालं ते.”

“आणि आसन?”

माई शेंगा सोलू लागल्या.

गुरुवारपर्यंत मी कुणापाशी एक अक्षर काढलं नाही. कसं निभावलं ते माझं मला ठाऊक. पीठ संपलं तरी गिरणीवर गेलेच नाही. घरात भात केला रोज.

गुरुवारी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी प्रवचनाला न फिरकणारेसुद्धा लॅपटॉप बघायला आले होते. लता सगळ्यात पुढे, मांडीवर नारळ, नारळाला हळद-कुंकू.

मकरंद आला तो मोकळ्या मनगटानं. आसनापाशी क्षणभर उभा राहिला. सगळा मठ त्याच्या पायांकडे बघत होता. त्यानं आसन झटकलं, नीट केलं, आणि मागे येऊन आमच्यात सतरंजीवर बसला. माझ्याच शेजारी.

मग त्यानं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. माळ, मनगट, दुकानात न सरकलेलं पान, सगळं. शेवटी म्हणाला,

“बुवा मला बोलावतायत असं वाटलं, कारण मला तसं वाटून घ्यायचं होतं.”

मागे कुणीतरी नुसतं खाकरलं.

लताचा चेहरा उतरला. “म्हणजे स्क्रीन थोरले बुवा सरकवत नव्हते?”

“नाही, लतावहिनी.”

“मग हा नारळ परत नेऊ काय?”

दोघं-तिघं हसले. मकरंद मान खाली घालून बसला होता.

माई इतका वेळ डोळे मिटून होत्या. माळ त्यांच्या मांडीवर होती. तिच्यावरून बोटं फिरवत त्या म्हणाल्या,

“नारळ फोड, लता. आणि मकरंद... माळ कुणाची होती, तेही सांग तिला.”