वाटी बुडेपर्यंत

पिंपळपाटच्या बंधाऱ्यापाशी, जिथून पाट निघतो, तिथे एक दगडी कुंडी आहे. पाणी गुडघाभर. पाहुणे तिला देवाचं टाकं समजतात, हात जोडतात, कुणी नाणंही टाकतं. देव तिथे कुठलाच नाही. गावाची सभा त्या कुंडीभोवती भरते, आणि कारभारी जो कुणी असेल तो पायातलं काढून पाण्यात उभा राहतो. बेत सांगून झाला की तो विचारतो, “कुणाचं नाही आहे का?” आणि तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडतो. वाटी भरून बुडेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही, कारभाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. तेवढा वेळ फक्त ‘नाही’ म्हणणाऱ्याचा. माणसं पाय बदलतात, खाकरतात, तालुक्याचे साहेब घड्याळ बघतात. बघू द्यावं. वाटी काही सरकारी नोकर नाही.

ही चाल रायाजी पाटलापासून पडली, असे सांगतात.

रायाजी मनाचा वाईट नव्हता. पण त्याच्या पायाला भिंगरी होती. जेवताना अर्धा उठलेला, बोलताना अर्धा निघालेला. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजीला “आटपा” म्हणाला होता म्हणे. त्याला एका गोष्टीचा फार अभिमान होता, की आपल्या गावात दुमत म्हणून नसतं. सभेत तोही विचारायचाच, “कुणाचं न्हाई हाय का?” पण विचारता विचारताच त्याची लोखंडी टोकाची काठी दगडावर वाजायची. काठी वाजली की ठरलं. लोकांनाही ते बरं वाटे. घरी लवकर जाता येई, आणि काही चुकलं तर पाटील होताच.

एका वर्षी वरच्या मळ्यांना पाणी चढेना. बंधारा हातभर उंच करावा असं रायाजीच्या मनात आलं. बंधाऱ्याच्या पायथ्याला खालची आळी होती, बावीस घरांची. आणि तिथेच, भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यावर, ठकू परटीण गावाचे कपडे धुवायची.

आता यातली गोम अशी, की बंधारा थोडा झिरपतोच. झिरप नितळ असली तर भिंतीला घाम आलाय म्हणायचं आणि सोडून द्यायचं. झिरप गढूळ झाली तर भिंतीचं पोट पोखरतंय. हे बंधाऱ्यावर फिरणाऱ्याला दिसत नाही, पांढरं कापड धुणाऱ्याला दिसतं. त्या चैत्रात रायाजीचं पागोटं ठकूच्या हातून पिवळसर होऊन आलं. त्याने ते चार माणसांदेखत तिच्यापुढे टाकलं. म्हणाला, “ठके, हात थकले का तुझे? का दुसरी बघू?” ठकूने पागोटं पुन्हा धुतलं. पुन्हा पिवळं निघालं. तेव्हा ती काय समजायचं ते समजली.

दुसऱ्याच दिवशी सभा भरली. पाटाच्या पाण्यात ज्यांच्या शेताची पाळी असे ते पुढे बसले. ठकूला ना शेत ना पाळी, ती सगळ्यांच्या मागे उभी होती. रायाजीने बेत सांगितला, माना हलल्या. “कुणाचं न्हाई हाय का?” त्याने गर्दीवरून नजर फिरवली. अगदी मागे एक तोंड उघडलेलं त्याला दिसलं, आणि तेवढ्यात त्याचीच काठी वाजली. तो उठला, गवंड्याला हाका मारू लागला. ते तोंड मिटलं की नाही हे बघायला त्याला सवड नव्हती.

भिंत वाढली. भाद्रपदात भर दुपारी, लोक जेवायला बसलेले असताना, बंधारा खालून फुटला. खालच्या आळीतली अकरा माणसं गेली.

त्यानंतर रायाजी मुळी बसलाच नाही, असे सांगतात. फुटक्या भिंतीवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. लोक समजूत घालायला येत. “पाटील, तुमच्या एकट्याचं काय त्यात? आम्ही समद्यांनीच व्हय म्हटलं व्हतं.” हे ऐकलं की तो आणखीच भरभर चालायचा. तेराव्या दिवशी तो गावाने पाळलेल्या सुतकाचं स्नान करून घरी आला आणि पागोटं बांधायला घेतलं. ठकूने दोनदा धुतलेलं ते अजून पिवळंच होतं. मग तसाच बोडक्या डोक्याने ठकूच्या दाराशी गेला. गावाने पाटलाला असा कधी पाहिला नव्हता.

“ठकूबाई,” तो म्हणाला, “तुला ठाव व्हतं?”

“व्हतं.”

“मग बोलली का न्हाईस?”

ठकूने हातातलं धुणं खाली ठेवलं. “त्वांड उघडलं व्हतं, पाटील. तवर काठी वाजली.”

रायाजीने काठी तिच्याच उंबऱ्यावर मोडली. तिथून तो पाटकऱ्याकडे गेला. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीपाळीने सोडणारा. कुणाची पाळी किती वेळ हे मोजायला त्याच्याकडे भोकाची वाटी असे. ती वाटी रायाजीने मागून घेतली आणि कुंडीत उभं राहून नवस बोलला, की वाटी बुडेस्तोवर या गावात काही ठरणार नाही, आणि तोवर मी जागचा हलणार नाही. दोन क्षण एका जागी न टिकणाऱ्या माणसाने ही शिक्षा आपली आपण निवडली होती.

पुढच्या सभेला बंधारा आणि आळी पुन्हा होती तिथेच बांधायची, असा बेत निघाला. रायाजीने विचारलं आणि वाटी सोडली. वाटी तरंगत राहिली. भोक मोकळं होतं, पाणी आत येत होतं, तरी ती बुडेना. लोक चुळबुळले. कुणी म्हणालं, ढकला बोटाने. रायाजीचे पाय गारठून बधिर झाले, पण तो ओठ मिटून उभा राहिला. असं म्हणतात, की कुणाच्या पोटात ‘नाही’ अडकलेलं असलं की वाटी बुडत नाही.

शेवटी मागून ठकूचा आवाज आला. “माझं न्हाई हाय. भिंत बांधा, पर आळी खाली नको. वर बांधा, पाटलाच्या मळ्यात.”

वाटी बुडली.

पुढच्या रांगेतले दोघे उठलेच. पाणी नाही, पाळी नाही, ही कोण सांगणार, असं ते म्हणाले. रायाजी म्हणाला, “तिचं मानायचं का न्हाई ते हात ठरवतील. ऐकायचं का न्हाई, ते आता कुणीच ठरवायचं न्हाई.” मग हात वर झाले. ठकूचं म्हणणं सात हात जास्त पडून निभावलं. मळा रायाजीचा होता, आणि त्याचा स्वतःचा हात कुठल्या बाजूला होता हे कुणी सांगत नाही. मळा मात्र त्याने दिला. वरची आळी दिसते ती तीच.

आजही वाटी तीच आहे. पण तांबं झिजतं. दरवर्षी भोक केसभर मोठं होतं, वाटी थोडी लवकर बुडते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लवकर सुटलेलं सगळ्यांना आवडतंच. म्हणून रायाजीने मरताना एक गोष्ट लावून दिली. भाद्रपदात ठकूच्या घरची थोरली बाई कुंडीपाशी बसून एक पांढरं धोतर धुते आणि शेजारी वाटी सोडतात. धोतर पिळून होण्याआधी वाटी बुडाली, तर तांबटाकडून भोक बुजवून नवं पाडून घ्यायचं, आणि तोवर गावात सभा नाही.

यंदा धोतर पाण्यातच होतं आणि वाटी तळाला गेली. तांबट बाहेरगावी गेलाय, येईल चार दिवसांत. शाळेच्या छपराचा ठराव अडलाय, सरपंचबाई सकाळपासून बंधाऱ्यावर येरझाऱ्या घालताहेत. त्या पाहा, त्याच. त्यांना कुणी “आटपा” म्हणत नाही, आणि त्याही कुणाला म्हणत नाहीत.