उदीचं गिरमिट

फार पूर्वी, जनावरं आपल्या होड्या आपणच बांधत तेव्हा, उदी नावाची पाणमांजर काठाकाठानं होड्या बांधत फिरायची. लाकडी खुंट्या ती घरून आणायची, पण भोकं यजमानाच्याच गिरमिटानं पाडायची रीत होती. आपलं हत्यार काढणं म्हणजे यजमानाचा अपमान! पण दर काठाचं गिरमिट वेगळं. साळिंदराकडे भोकं मोठी पडली, खुंट्या ढिल्या बसल्या आणि होडी भर प्रवाहात बुडाली.

पुढच्या पुरात बेटावर हरणं अडकली. त्यांना आणायला होडी हवी म्हणून काठावरच्या रानडुकरानं आपल्या आजोबांचं गिरमिट उदीपुढे ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं, त्याची कानस आणि एक लोखंडी सळई मागून घेतली आणि आपल्या खुंटीच्या मापाचं नवं गिरमिट घासायला बसली.

"हरणं बुडतायत आणि तू हत्यारं कसली करतेस?" डुक्कर खवळला.

"त्यांच्यासाठीच करतेय, मामा."

खुंट्या अशा घट्ट बसल्या की होडी भोवऱ्यात गरगरली, तरी आत थेंब शिरला नाही. सगळी हरणं काठाला लागली. एकच जल्लोष झाला.

डुक्कर मात्र तोंड पाडून उभा होता. "आमच्या गिरमिटाचा मान गेला."

"माझं गिरमिट तुमच्याच कानशीवर घडलंय, मामा. प्रत्येक काठावर हे सांगेन मी."

डुकराची शेपटी ताठ झाली. तो जमलेल्या जनावरांवर ओरडला, "बघता काय रे? पुढच्या काठाला पोचवा हिला! आणि हिच्या हत्यारांची पिशवी मी उचलणार!"