पावलं ऐकू येणारं कार्ड

एकदा एक नवी सून दाराआड थबकली, कारण आत तिच्याविषयीच बोलणे चालले होते. सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या, "अगं, सध्या आमच्या घरात दोन मुक्या वस्तू आहेत. एक कॉम्प्युटर, त्याचा आवाज विजेच्या झटक्यात गेला. आणि दुसरी आमची केतकी, तिचा मुळात आलाच नाही."

पलीकडे बहीण हसली असावी, कारण सासूबाईही हसल्या. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. दुष्टाव्याला निदान उत्तर तरी देता येते. सून हातातल्या धुतलेल्या कपबश्या पुन्हा धुवायला परत फिरली.

वास्तविक तिला बोलायचे पुष्कळ असे. परंतु या घरात सगळेच एकाच वेळी बोलत, आणि त्यात आपले वाक्य घुसवणे म्हणजे फिरत्या दोरीत उडी घेणे होते. तिला ताल सापडेपर्यंत विषय बदललेला असे. लग्नाला अद्याप वर्षही झाले नव्हते, आणि 'अबोल' हेच आपले नाव पडणार, याचे तिला भय वाटू लागले होते. एकदा नाव पडले की माणूस मुकाट्याने त्याला जागत राहतो.

त्या दिवसांत घरात एकच वाद होता: कॉम्प्युटरला नवे साउंड कार्ड कोणते घ्यावे. दुकानदार शहाणा होता. त्याने दोन कार्डे पारखायला घरी पाठवली आणि भांडणही त्यांच्याबरोबर पाठवून दिले.

नवऱ्याला खेळांसाठीचे हवे होते. "बाबा, हेडफोन लावला ना, की शत्रूची पावलं भिंतीपलीकडून ऐकू येतात. डावीकडून येतोय की मागून, सगळं कळतं!"

सासऱ्यांना सिनेमासाठीचे. "मला नकोत तुझे शत्रू. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, आणि संवाद कसे खणखणीत! हिरो काय पुटपुटला ते दर वेळी तुझ्या आईला विचारायचं, आणि तिनं भलतंच सांगायचं."

"मी भलतं सांगते? शेवट कळतो तो माझ्यामुळेच!" सासूबाई म्हणाल्या.

पुढे बाप-लेकांनी अबोला धरला. म्हणजे ते एकमेकांशी सासूबाईंमार्फत आणि मोठ्याने बोलू लागले. अखेर गुरुजींना बोलावणे गेले. गुरुजींनी शाळेत आधी बापाला आणि पुढे लेकाला संस्कृत शिकवले होते. त्यामुळे दोघांचेही कान धरण्याचा अधिकार त्यांच्यापाशी होता.

गुरुजींनी दोघांचे म्हणणे शांतपणे ऐकले, दोन्ही कार्डे उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "छान आहेत. आता तिघंही डोळे मिटा."

"गुरुजी, अजून कार्ड जोडलं नाहीये," नवरा म्हणाला.

"मीट रे. शाळेतही आधी तुलाच शंका यायची."

तिघांनी डोळे मिटले. सून चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गुरुजींनी तिला खोलीत फिरण्याची खूण केली आणि आपलेही डोळे मिटून घेतले. तिला काही उमजेना. पण गुरुजींचा शब्द कोण मोडणार? तिने ट्रे ठेवला, खोलीत एक फेरी घातली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन थांबली.

"सांगा, सूनबाई कुठं आहे?"

"आत. चहा गाळत असेल," सासरे म्हणाले.

"गच्चीवर. कपडे काढायला गेली असणार," सासूबाई म्हणाल्या.

नवरा हसला. "हा काय खेळ, गुरुजी? असेल इथंच कुठंतरी. जाणार कुठं?"

"तुझ्या पाठीमागं उभी आहे," गुरुजी डोळे न उघडताच म्हणाले. "डाव्या पायातलं जोडवं सैल होतंय तिला. निसटू नये म्हणून बोट आखडून चालते बिचारी. फरशीवर एकदा टिक् वाजतं, आणि मग नुसतंच पाऊल."

तिघांनी डोळे उघडले. नवऱ्याने वळून पाहिले. ती हाताच्या अंतरावर होती. सासूबाईंची नजर तिच्या पायांकडे गेली. ती जोडवी त्यांनीच हौसेने निवडली होती, आणि म्हणूनच त्यांतले एक सैल आहे हे सुनेने कधी सांगितले नव्हते.

"पण गुरुजी, तुम्हाला हे कसं कळलं?" नवऱ्याने विचारले.

"अरे, उभा जन्म फळ्याकडे तोंड करून गेला. मागच्या बाकावर कोण काय करतंय, ते पाठीलाच ऐकू यावं लागे." मग त्यांचा स्वर मऊ झाला. "बाळांनो, खेळाला आवाजाची दिशा लागते आणि सिनेमाला शब्द. तुम्ही दोघंही योग्यच मागताहात. पण कार्ड काय करतं? आवाज आणून दारात सोडतं. त्याला आत घ्यायचं काम कानाचं. आणि कान ज्याची वाट पाहतो, तेच ऐकतो. तू शत्रूची वाट पाहिलीस, तुला भिंतीपलीकडून शत्रू ऐकू आला. जरा हिचीही वाट पाहत जा."

नवऱ्याने मान खाली घातली. सासूबाई हलकेच म्हणाल्या, "अगं, मला सांगायचं नाही का? उद्या सोनाराकडे जाऊ या?"

विचारून त्या थांबल्या. या घरात प्रश्न विचारून कोणी थांबत नसे. सासरेही थांबले. चहा गार होत होता, तरी कोणी कपाला हात लावला नाही.

"जाऊ या, आई," सून म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला, पण आता ती मागे फिरणार नव्हती. "आणि कार्ड सिनेमाचंच घ्या. बाबांना शब्द कळतील, आणि यांचा शत्रू आला तर आपल्या सगळ्यांनाच ऐकू येईल. फक्त सिनेमा लावलात की मला हाक मारा. तुमचे सगळे सिनेमे मी आतून, भांडी घासता घासता ऐकलेत; चित्र अजून एकाचंही बघितलेलं नाही."