अबोल्यात विणलेला मोर

नदीकाठच्या एका गावात गालिचे विणणारं एक जोडपं होतं. दोघं एकाच रुंद मागावर शेजारी शेजारी बसत. डावी बाजू बायकोची, उजवी नवऱ्याची. नक्षी सगळी बायकोच्या डोक्यात. ती गाण्यासारखे रंग पुकारायची, "दोन लाल, एक पिवळा!" नवरा गाठी मारत साथ द्यायचा, "घेतले दोन लाल, घेतला पिवळा!" दोन्ही बाजू अशा जुळायच्या की गालिचा एकाच हाताने विणलाय असं वाटावं.

एकदा शहरातला एक सराफ आला. "पाडव्याला माझी नवी पेढी उघडते आहे," तो म्हणाला. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा हवा, मधोमध मोर. गिऱ्हाइकानं आत पाऊल टाकलं की बघतच राहिलं पाहिजे. पसंत पडला, तर माझ्या सोयऱ्यांच्या सगळ्या पेढ्यांचं काम तुम्हालाच. नाही पडला, तर दुसरे माग आहेतच."

दोघांना आकाश ठेंगणं झालं. कामाला जोरात सुरुवात झाली.

पण मध्येच माशी शिंकली. घरी पाहुणे आले होते, बायकोची भाकरी करपली आणि नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, "खा खा, आज कोळशाचा बेत आहे!" पाहुणे हसले. बायको हसली नाही. तिने अबोला धरला. नवराही इरेला पेटला. "माझं काय अडलंय?"

आता घरातलं सगळं बोलणं मांजरीमार्फत चालू झालं. "मने, कुणाला तरी सांग, ताट वाढलंय." "मने, कुणाला तरी सांग, भूक नाही." मनीची चंगळ झाली. मागावर मात्र पंचाईत! बायको रंग मनातल्या मनात मोजायची. तिच्या बाजूला डोकावणं म्हणजे हार, म्हणून नवरा अंदाजानेच गाठी मारायचा. "मने, आता निळे किती?" असंही त्याने विचारून पाहिलं, पण मनीला काय ठाऊक!

पाडवा जवळ आला. विणलेला भाग बघायला नवरा मागे सरला आणि बघतो तर काय! मोराची डावी बाजू ऐटदार, पिसारा फुललेला. उजवी बघावी, तर पोट सुटलेली कोंबडी! सराफाने हे पाहिलं तर हातचं काम जाणार होतं.

'तूच मुद्दाम केलंस,' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्याने ते गिळले.

"अगं, चुकलं माझं," तो म्हणाला. "पाहुण्यांसमोर तुझी फजिती करायला नको होती. आता या कोंबडीचं काय करायचं ते तूच सांग."

बायकोला रडता रडता हसू फुटलं. "अहो, आधी तिला उकला! आणि मग घ्या, तीन निळे, एक हिरवा!"

"घेतले तीन निळे!" तो इतक्या जोरात ओरडला की मनी माळ्यावर पळाली.

कोंबडी उकलली, मोर उभा राहिला. पाडव्याला पेढीत आलेली गिऱ्हाइकं दागिने विसरून खालीच बघत राहिली. सराफाने पुढचं काम तिथल्या तिथे बोलून टाकलं.

मग त्यांची भांडणं थांबली म्हणता? छे! आमटी अळणी झाली तरी भांडण, सरपण ओलं निघालं तरी भांडण. पण मागावर बसलं की बायको रागारागानेच पुकारायची, "दोन लाल! ऐकू आलं ना?" नवराही तणतणत ओरडायचा, "घेतले दोन लाल! बहिरा नाही मी!" आणि दुपारपर्यंत दोघं पुन्हा गात असायची.

तात्पर्य: एका मागावर बसणाऱ्यांनी खुशाल भांडावं, पण अबोला धरू नये.