केरबाचा घाणा आणि पाखऱ्याची काळजी

एका गावात एक भोळा घाणेवाला होता. त्याचं नाव केरबा. त्याच्याकडे तेलाचा लाकडी घाणा होता आणि पाखऱ्या नावाचा बैल होता. पाखऱ्या गोल गोल फिरायचा आणि केरबा वजन म्हणून घाण्याच्या दांड्यावर बसायचा. सकाळी बसला की जेवायलाच उतरायचा. कधी कधी जेवायलाही उतरायचा नाही.

असं बसून बसून त्याला साखरेचं दुखणं लागलं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्या म्हणाल्या, "केरबा, रोज तासभर फिरायचं. दिवाळीपर्यंत साखर उतरली नाही, तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल."

केरबा सुईला फार भ्यायचा. त्याची बायको गजराबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीला भ्यायची. केरबाच्या बापाचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता, आणि ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं विचारलं, "फिरलासा का?"

"फिरलो की. दिवसभर फिरलो."

"कुठं?"

"घाण्याभवती."

गजराबाईनं कपाळाला हात लावला. "अवो, फिरला त्यो पाखऱ्या! तुमी वर बसला हुता. बैलाच्या जिवावर बसून फिरायचं न्हाई. आपल्या पायांनी चालायचं."

"असं व्हय! आधी सांगायचं न्हाईस?" केरबा म्हणाला, आणि ते त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं.

दोन दिवसांनी केरबाच्या सासूबाई येणार होत्या. त्यांचे गुडघे धरलेले. गजराबाईनं केरबाला बैलगाडी घेऊन फाट्यावर पाठवलं. सासूबाई एसटीतून उतरल्या आणि गाडीत चढायला लागल्या. केरबानं त्यांना अडवलं.

"मामी, बैलाच्या जिवावर बसून फिरायचं न्हाई. आपल्या पायांनी चालायचं."

मग पुढे रिकामी गाडी, तिच्यामागे केरबा आणि त्याच्यामागे लंगडत, शिव्या देत सासूबाई, अशी वरात गावात शिरली. सासूबाई ओट्यावर टेकल्या त्या रात्रीच्या जेवणालाही उठल्या नाहीत.

"अवो, ज्याला चालवत न्हाई," गजराबाई ओरडली, "त्याला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं असतंय!"

"असं व्हय! आधी सांगायचं न्हाईस?" केरबा म्हणाला, आणि तेही त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं.

सासूबाईंना न्यायचं ते राहिलंच, कारण त्या केरबाच्या गाडीकडे बघायलाही तयार नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी केरबाला वडाच्या पारावर सरपंच दिसले. मटणाचं जेवण झालं होतं. सरपंच आडवे पडून घोरत होते. केरबानं दोनदा हाक मारली. ते हलेनात.

"ह्यास्नी चालवत न्हाई," केरबा म्हणाला. त्यानं गाडी पाराला लावली आणि सरपंचांना घोंगडीसकट आत ओढलं. सरपंचांना जाग आली ती थेट दवाखान्यात, नर्सनं बोटातून रक्त काढलं तेव्हा. त्यात साखर निघाली, ती गोष्ट वेगळी. पण सरपंच भयंकर चिडले.

"झोपलेल्या माणसाला आधी गदागदा हलवून उठवावं! बरं हाय का इचारावं! एवढंबी कळत न्हाई?"

"असं व्हय! आधी सांगायचं न्हाईसा?" केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या छबूचं पोर दात येत होते म्हणून सकाळपासून रडत होतं. कसंबसं पाळण्यात झोपलं होतं. तेवढ्यात केरबा आला. त्यानं पोराला गदागदा हलवून उठवलं आणि विचारलं, "बाळा, बरं हाय का?"

पोरानं सगळी आळी डोक्यावर घेतली. छबूच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं पोर केरबाच्या हातात कोंबलं.

"आता घ्या, फिरवा! माझ्या अंगात जीव ऱ्हायला न्हाई. दमल्या जिवाला जरा बसू द्यावं, त्याचं काम आपण करावं, एवढी तरी माणुसकी ठेवा!"

"असं व्हय!" केरबा म्हणाला, आणि ऊन उतरेपर्यंत पोर खांद्यावर घेऊन आळीत येरझारा घालत राहिला. हे मात्र त्याला सगळ्यांत जास्त पटलं.

दुसऱ्या दिवशी घाण्यावर पाखऱ्या धापा टाकायला लागला. केरबा टुणकन उतरला. "दमलास व्हय? बस बाबा." त्यानं बैलाला सोडून सावलीत बसवलं, पुढ्यात पेंड ठेवली. दांड्यावर आपल्या जागी एक बेताचा धोंडा ठेवला. बैलाला चक्कर येऊ नये म्हणून झापड बांधतात, म्हणून तीही आपल्या डोळ्यांना बांधली. मग दांड्याला खांदा लावला आणि निघाला गोल गोल.

गजराबाई भाकरी घेऊन आली आणि दारातच थबकली. ओरडायला तिनं तोंड उघडलं. पण नवऱ्याच्या पाठीवर घाम तिनं किती वर्षांनी बघितला होता! तिनं तोंड मिटलं आणि मुकाट्यानं भाकरी खाली ठेवली. त्या दिवसापासून रोज पाखऱ्या बसायचा आणि केरबा फिरायचा. गाव हसायचं. गजराबाई मात्र कुणालाही त्याला शहाणं करू द्यायची नाही.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि त्या खूश झाल्या. "केरबा, साखर आटोक्यात आली! सुई टळली. पण हे असंच चालू ठेवायचं हं. दिवसभर बसून खाल्लं की हे दुखणं कुणालाही धरतं."

गजराबाईला तिथंच रडू आलं. घरी येऊन तिनं देवापुढे दिवा लावला आणि गरम भाकरी टाकायला बसली. भाकरी घेऊन घाण्यावर गेली, तर पाखऱ्या गोल गोल फिरत होता आणि दांड्यावर केरबा बसला होता.

"अवो, हे काय?"

"बाईंनी सांगितलं न्हाई का? बसून खाल्लं की कुणालाबी धरतंय. पाखऱ्या दिवाळीपातूर नुसता बसून पेंड खातोय. कसा सुटलाय बघ! त्याला आता फिरवायला पायजे."

"आणि तुमी?"

"मला काय झालंय? मी बरा झालो."

"निदान खाली उतरून जेवा तरी," ती म्हणाली.

"नको. मी उतरलो की त्यो थांबंल, आणि त्याची साखर वाढंल. भाकर हितंच दे," केरबा म्हणाला. "मी बसून खातो."