घंटा आणि दोरा

फार मागं, माळावरच्या शेळ्यांच्या वाड्याला खंड्या कुत्रा राखण होता. धन्यानं त्याला सांगितलेलं, घंटा बांधलेली ती दुभती, लाल दोरा बांधलेली ती मारकी, एवढ्याच आपल्या.

एकदा दिवेलागणीला भुरी शेळी आली. गळ्यात दोन्ही.

खंड्या गुरगुरला, "अशी कुणी मला सांगितलेली नाही. चोराची दिसतेस!"

आत भुरीचं करडू भुकेनं ओरडत होतं, मागं ओढ्यात लांडगा.

"खंड्यादादा, घंटा आहे ना?"

"आहे."

"दोरा?"

"तोही आहे. तिथंच तर संशय!" खंड्यानं डोकं खाजवलं. "असं कर, घंटेवाली आत जाऊ दे, दोरेवाली बाहेर थांबू दे."

"थांबते की. पण दोरेवालीला लांडग्यानं नेलं, तर घंटेवाली पिलाला पाजेल कशी?"

खंड्या बाजूला सरला. पण भुरी आत जाताना त्यानं आधी घंटा हुंगली, मग दोरा वेगळा हुंगला.