चाळीस चक्रवाक

“चाळीस. लिहिलंत ना, आबा?” जागृतीने पुन्हा विचारलं.

“लिहिलं.”

“चक्रवाक, चाळीस?”

“चक्रवाक, चाळीस.”

सुपडू आबांनी वही मिटली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली.

जागृती हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

“पाण्यावर एकही चक्रवाक नाहीये, आबा.”

आबांनी पेन्सिल कानामागे खोवली.

“एकही नाही. मी खोटं बोलले. आणि तुम्ही लिहून घेतलंत.”

…

सातपुड्याच्या पायथ्याला बोरपाणीचं धरण बांधलं तेव्हा गाव बुडालं आणि गावामागच्या टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. तेच हे बेट. थंडी पडली की हिमालय ओलांडून चक्रवाकासारखी बदकं येतात, पळस फुलला की परत जातात. धरणाचे दरवाजे उघडण्याची नोकरी संपल्यावर आबा त्यांना मोजायला लागले. दर रविवारी, पहाटे. हा बाविसावा हिवाळा होता.

वहीतले आकडे बघून तालुक्याची कचेरी दरवर्षी ठरवायची, सहलीच्या होड्या बेटाला लावू द्यायच्या की नाही. आजवर लावू दिल्या नव्हत्या.

जागृतीचा तिसरा हिवाळा. कॉलेज तिने दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. तिथले सर वीस वर्षं जुन्या पिवळ्या कागदांवरून पक्षी शिकवायचे, आणि खिडकीबाहेरचा पक्षी कुणी दाखवला तर त्याला वर्गाबाहेर काढायचे. ती इथे आली, कारण हा म्हातारा निदान पाण्याकडे तोंड करून बसायचा.

…

“तुम्हाला दिसत नाही,” ती म्हणाली. “सकाळी दुर्बिणीची झाकणं काढलीच नव्हती तुम्ही. झाकण लावलेल्या दुर्बिणीतून दहा मिनिटं तलाव बघत होतात. आणि वर मानही डोलावत होतात.”

“जड आहे ती दुर्बीण. मान आपोआप डोलते.”

“विनोद नको, आबा.”

“बरं.”

“कधीपासून?”

“हा तिसरा हिवाळा.”

“मोतीबिंदू?”

“तो काढता येतो. हा काचबिंदू. उजेड कळतो. तू समोर आलीस की काहीतरी उभं आहे, एवढं कळतं. पाखरू नाही कळत.”

जागृती उठून उभी राहिली. तिला बसून भांडता येत नसे.

“तुम्हा सगळ्यांचं असंच. डोळे गेले तरी चालतील, जागा सुटायला नको. आमचे सरही तसेच, माझे काकाही तसेच. आणि तीन वर्षं मी तुम्हाला गुरू म्हणत होते!”

“म्हणत कुठे होतीस? ‘म्हातारा’ म्हणायचीस. होडीवाल्याला विचारायचीस, म्हातारा आला का. कान शाबूत आहेत माझे.”

“उद्या तुमच्या सत्काराला पक्षीमित्र संस्थेचे लोक येणार,” ती थांबली नाही. “शाल आणणार, नारळ आणणार. बावीस हिवाळ्यांची तपश्चर्या म्हणून भाषण ठोकणार. मी तिथेच उभी राहून सांगणार आहे. ही वही आंधळ्याने मोजलेली आहे. खोटी आहे.”

“सांग.”

“वही बाद होईल.”

“होईल.”

“होड्या लागतील बेटाला. पुढच्या हिवाळ्यात इथे भजी तळतील आणि गाणी वाजवतील. पाखरू उतरणार नाही.”

“नाही उतरणार.”

“तरी सांग म्हणता?”

“वही खोटी असेल तर सांगायलाच पाहिजे.”

आबांनी खिशातून पिशवी काढली. वही तिच्यासमोर धरली. थोडी डावीकडे धरली गेली, तिला हात लांबवावा लागला.

तीन हिवाळ्यांत तिने या वहीला बोट लावलं नव्हतं. आबांनी लावू दिलं नव्हतं.

“आधी वाच,” आबा म्हणाले. “मग सांग.”

…

जुनी पानं बारीक अक्षरांनी भरलेली. मुंग्यांची रांग लागावी तशी.

मग अक्षरं मोठी होत गेली. पहिलीतल्या पोराच्या अक्षरांएवढी मोठी. पण ओळी सरळ होत्या. एका पानात लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा होता, त्याला मधोमध लांबट चीर पाडलेली. पुठ्ठा पानावर ठेवायचा आणि चिरेतून लिहायचं.

तारीख. वारा. पाखराचं नाव. आकडा.

आणि प्रत्येक पानाच्या तळाला एक ओळ.

मोजणार: जागृती महाजन.

तिने पान उलटलं. मोजणार: जागृती महाजन. आणखी एक उलटलं. तेच. पहिल्या हिवाळ्याच्या पहिल्या रविवारापासून तेच.

तलवार बदक, दोनशे अठरा. तो रविवार तिला आठवला. थंडीने बोटं वळत नव्हती. तिने आकडा सांगितला आणि आबा म्हणाले होते, पुन्हा मोज. तिने मोजलं. पुन्हा मोज. तिसऱ्यांदा मोजताना ती रडली होती, रागाने. तिसऱ्यांदाही दोनशे अठराच.

“हे माझे आकडे आहेत.”

“मग कुणाचे असणार?”

“मला वाटायचं, तुम्हाला खरा आकडा माहीत आहे. माझाच चुकतोय.”

“तुला तसं वाटायचं, म्हणून तू नीट मोजायचीस.”

“म्हणजे तुम्ही मला वापरलंत.”

“हो.”

मोठ्या माणसांची कबुली सहसा गुंडाळून येते. परिस्थिती, वय, तुझ्याच भल्यासाठी… हे ‘हो’ मात्र उघडंच आलं.

“सांगायचं होतं,” ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर तुला माझी दया आली असती. दया आलेला माणूस एकदा मोजतो आणि आंधळ्याला बरं वाटेल ते सांगतो. तू चिडून तीनदा मोजायचीस. आता बोल. यात खोटं काय आहे?”

तिने शेवटचं पान काढलं. आजचं.

चक्रवाक, ४०.

मोजणार: जागृती महाजन.

वाऱ्याने पान फडफडलं. तिने ते अंगठ्याने दाबून धरलं.

“तुम्हाला माहीत होतं, ते गेलेत.”

“परवा पहाटे गेले. आमच्या घरावरून. चाळीस चक्रवाक पाण्यावर असते, तर आपल्याला असं सावकाश भांडता आलं असतं का? ओरडावं लागलं असतं.”

“मग लिहिलंत कशाला?”

“तू सांगितलंस. तीन वर्षं हेच चाललंय. तू सांगतेस, मी लिहितो.”

“मी तुमची परीक्षा घेत होते!”

“वहीला काय माहीत?”

…

जागृती खाली बसली. “रबर द्या.”

आबांनी पेन्सिल पुढे केली. शाई पाण्याने पसरते, म्हणून वही पेन्सिलीचीच. पेन्सिलीच्या टोकाचं रबर दातांनी उपटून काढलेलं होतं.

“वहीत पुसत नाहीत. एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण आणि सही.”

“उद्या ते लोक वाचतील.”

“वाचता येतं त्यांना. मोजता येत नाही एवढंच.”

या वेळी ती हसली नाही. पेन्सिल हातात धरून बसली. लिहायला तिच्याकडे कारणं बरीच होती. वारा होता, धुकं होतं, आकडा ऐकण्यात घोटाळा झाला. म्हाताऱ्यांनी तिला आजवर ऐकवलेली सगळी.

तिने चाळीसवर रेघ ओढली. शेजारी लिहिलं, ‘मी जाणूनबुजून खोटा आकडा सांगितला.’ सही केली. पूर्ण नाव, वाचता येईल असं.

खाली नवी ओळ लिहिली.

“काय लिहिलंस?”

“चक्रवाक, शून्य.”

“मोजलंस?”

“आबा, पाणी रिकामं आहे. टिटव्या आणि पाणकावळे, बस्स.”

“मोजलंस का, ते विचारलं.”

तिने दात आवळले. मग आबांच्या गळ्यातली दुर्बीण ओढून घेतली आणि झाकणं काढून त्यांच्या मांडीवर टाकली.

डावीकडून सुरुवात केली, जशी दर रविवारी करायची. आधी काठ, मग पाणी. वठलेल्या बाभळीपासून पंपाच्या खोलीपर्यंत एक तुकडा. पंपाच्या खोलीपासून बुडालेल्या देवळाच्या कळसापर्यंत दुसरा. कळसापासून पळसाच्या रांगेपर्यंत तिसरा. पळस पेटल्यासारखे फुलले होते, त्यामुळे त्या तुकड्यात तिने दोनदा नजर फिरवली.

काही नाही.

ती परत डावीकडे आली. पुन्हा मोज, असं कुणी म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत कळसाच्या मागे काहीतरी हललं. एवढा वेळ तिला तो शेंदूर फासलेला दगड वाटला होता. दगडाने मान वर केली. फिकट डोकं, विटकरी अंग. डावा पंख पाण्यावर लोंबत होता. बाकीचे परवा गेले आणि हा इथेच राहिला होता.

पाण्यावरून आवाज आला. आँग… आँग…

जागृतीने तिसऱ्यांदा मोजलं. मग पेन्सिल उचलली, शून्यावर रेघ मारली, खाली नवा आकडा लिहिला आणि सही केली.

“एक,” ती म्हणाली. आवाज ठाम होता. “देवळाच्या मागे. पंख दुखावलाय. तीनदा मोजलं, आबा. एकच आहे.”

आबांनी डोळे मिटले आणि उजवा कान पाण्याकडे वळवला. पाण्यावरून पुन्हा आवाज आला.

“मला दोन ऐकू आले. एक हाक मारतोय, दुसरा ओ देतोय.”